फ्लॅग भारीच होता, पण लेजंड म्हणायचं का?

ड्यूकची बास्केटबॉल टीम हरली की अर्ध्या अमेरिकेत दिवाळी असते. आणि आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर पण, कारण तिथं एकजण सोडला तर बाकी सगळे ड्यूकच्या विरोधात, आणि तो एकजण म्हणजे मी. एप्रिल २०२५ मध्ये ह्यूस्टनकडून हरली त्यादिवशी मिरजेच्या एका मित्रानं सकाळी नऊच्या आत मला इतकी स्टिकरं पाठवली की शेवटी ग्रुप म्यूट करून टाकला. आता दिवाळी झाली, फराळाचे डबे तळाला लागलेत, चिवड्यात नुसते शेंगदाणे उरलेत, आणि पुढच्या आठवड्यात २०२५-२६ चा नवीन सीझन सुरू होतोय. तर तोवर मागच्या सीझनचं जे काय पोटात साठलंय ते एकदाचं लिहून टाकतो, आणि तो मिरजेचा मित्र मागच्या सीझनच्या आमच्या कूपर फ्लॅगला लेजंड म्हणतो त्याचं उत्तर पण.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, बाकीच्यांनी पुढं सरका. ड्यूक म्हणजे नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम गावात असलेली प्रायव्हेट युनिव्हर्सिटी. फी बघितली तर माणूस खुर्चीत बसतो. तिची बास्केटबॉल टीम म्हणजे ब्लू डेव्हिल्स, आजपर्यंत पाच वेळा चॅम्पियन, १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५. तिथं कॉलेज बास्केटबॉलचं येड आपल्याला सांगून पटणार नाही एवढं आहे. मार्चमध्ये ६८ टीमची स्पर्धा होते, एक मॅच हरलात की बॅग भरायची आणि घरी जायचं, दुसरा चान्स नाही. एनबीएत, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल लीगमध्ये, कसं सातातल्या चार जिंकायच्या असतात, एक दिवस वाईट गेला तरी चालतं, इथं तसलं काही नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, चाळीस मिनिटांत वर्षाचा निकाल. म्हणूनच मला एनबीएपेक्षा हे आवडतं. पोरं एकोणीस-वीस वर्षांची असतात, चुकतात, घाबरतात, रडतात, आणि ते सगळं दिसतं.

मी ड्यूकच्या नादाला लागलो तो एका बुटामुळं. २० फेब्रुवारी २०१९, नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीबरोबरची मॅच, ओबामा बघायला आलेला, आणि पहिलं मिनिटसुद्धा पुरं व्हायच्या आत ड्यूकच्या झायन विल्यमसनचा नायकेचा बूट फाटला. म्हणजे उसवला बिसवला नाही, पाय आरपार बाहेर. तो व्हिडिओ तेव्हा सगळीकडं फिरला, आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर पण कोणीतरी दाखवला. आम्ही संध्याकाळी तिथं खेळायचो, सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, त्यामुळं बॉल रिंगमधून गेला का बाजूनं गेला यावरून रोज एक भांडण ठरलेलं. पोरं बूट बघून हसली, कोण म्हणालं असले बूट आपल्याकडं बाजारात पण मिळतात, पण मी घरी जाऊन हा पोरगा कोण म्हणून शोधत बसलो आणि मग एकातून एक लागत गेलं. ती मॅच ड्यूक ८८-७२ हरली. त्यावर्षी टीममध्ये झायन, आर. जे. बॅरेट, कॅम रेडिश असली एकेक पोरं, आणि तरी मिशिगन स्टेटकडून एका पॉइंटनं, ६८-६७, हरून बाहेर. फॅन व्हायची सुरुवातच हरण्यानं झाली म्हणायची. जूनमध्ये तिघंही एनबीएत गेले. मला तर तेव्हा काही कळेनाच, अरे आत्ता तर यांची नावं पाठ झाली, गेले पण?

तर मुद्दा इथंच आहे. २००६ च्या ड्राफ्टपासून (ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या टीमा नंबरानं नवीन पोरं निवडतात तो) एनबीएनं नियम केला की पोरगं १९ वर्षांचं पाहिजे आणि शाळा सुटून एक वर्ष झालं पाहिजे. त्यामुळं जी टॉपची पोरं आधी शाळेतून थेट एनबीएत जायची, ती आता मधलं एक वर्ष कॉलेजात काढतात. एक वर्ष म्हणजे तेपण बारा महिने नाही, नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. मग पैसे कमवायला मोकळे. त्यात २०२१ पासून कॉलेजच्या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिराती बिहिराती करून पैसे घ्यायला परवानगी मिळाली आणि २०२५ च्या जुलैपासून तर कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं. वरून ट्रान्सफर, आज या कॉलेजात उद्या त्या कॉलेजात. पोरांनी पैसे घेऊ नयेत असं मी अजिबात म्हणत नाही, त्यांच्या जिवावर इतकी वर्षं टीव्हीवाले आणि कॉलेजं मालामाल झाली, पोरांना मिळालेच पाहिजेत. माझी अडचण वेगळीच आहे. फॅननं नक्की कोणाला धरून बसायचं?

आता मागचा सीझन. कूपर फ्लॅग. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या बारक्या गावातलं पोरगं, उंची सहा फूट नऊ इंच, शाळेचं एक वर्ष आधीच उरकून कॉलेजात आलेला, म्हणजे सीझन सुरू झाला तेव्हा हा अजून १७ वर्षांचा, डिसेंबरमध्ये १८ चा झाला. आणि ह्या पोरानं टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट, सगळ्यात जास्त रिबाउंड (चुकलेला शॉट धरणं), सगळ्यात जास्त असिस्ट (बास्केट होणारा पास), स्टील (बॉल पळवणं) पण सगळ्यात जास्त आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) पण सगळ्यात जास्त. मग बाकीचे चौघं काय करत होते असं वाटेल, पण बाकीचे पण कमी नव्हते. कॉन क्नूपेल म्हणून शूटर, दक्षिण सुदानचा खामान मलुआच सात फूट दोन इंच, जो १७ व्या वर्षी पॅरिस ऑलिंपिक खेळून आला होता, ऑस्ट्रेलियाचा टायरीस प्रॉक्टर, आणि टुलेनमधून आलेला सायन जेम्स, हा बिचारा सगळ्यात समंजस.

सुरुवातीला केंटकीकडून हरले ७७-७२, कॅन्ससकडून ७५-७२, मला वाटलं झालं, गेल्या वेळचंच रडगाणं. पण मग जी गाडी सुटली ती सुटलीच. जानेवारीत फ्लॅगनं नोत्र दामला एकट्यानं ४२ मारले, ड्यूकच्या कुठल्याच पहिल्या वर्षाच्या पोरानं एका मॅचमध्ये एवढे मारले नव्हते. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपल्या गटातल्या टीमांबरोबर, २० पैकी १९ जिंकल्या, एक क्लेमसनकडून हरले तेवढंच. आणि नॉर्थ कॅरोलिनाला तीन वेळा धुतलं. तिसऱ्या वेळी तर फ्लॅगचा घोटा सुजलेला, तो बाकावर बसून होता, तरी ७४-७१. (मिरजेचा मित्र नॉर्थ कॅरोलिनाचा, कारण काय तर जॉर्डन तिथं शिकला. जॉर्डन तिथून १९८४ ला गेला, याचा जन्म पण नव्हता तेव्हा. पण जॉर्डनचं कॉलेज म्हटलं की याचा विषय संपतो.) दोन्ही युनिव्हर्सिट्या एकमेकींपासून साधारण १६ किलोमीटरवर, एक प्रायव्हेट एक सरकारी, त्यामुळं वैर कायमचं.

मार्चच्या स्पर्धेत माउंट सेंट मेरीज, बेलर, ॲरिझोना, अलाबामा, एकेकाला उडवत फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारांत. अलाबामा ही त्यावर्षीची धुवांधार स्कोअर करणारी टीम, तिला ६५ वर थांबवलं. मी ग्रुपवर लिहून मोकळा झालो की यंदा सहावा कप आला म्हणून. तोपर्यंत सीझनमध्ये ३५ जिंकलेल्या आणि फक्त ३ हरलेल्या.

आणि मग ह्यूस्टन.

तिकडं शनिवार रात्र, सॅन अँटोनिओ. आपल्याकडं रविवार ६ एप्रिल, सकाळी सव्वासहानंतर सुरू झाली, आणि त्यादिवशी रामनवमी. आई सकाळपासूनच स्वयंपाकघरात खोबरं किसत बसलेली, सुंठवड्याचा घाट, सुंठ कुटली की घरभर तो वास येतो आणि शिंका सुरू होतात. मी हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन. बाबा पेपर वाचता वाचता मधूनच, "कोण जिंकतंय रे?" मी म्हटलं आपण. "आपण म्हणजे?" याला काय उत्तर द्यायचं.

साधारण आठ मिनिटं राहिली होती तेव्हा ५९-४५. चौदाची लीड. बाबांनी विचारलं तर मी सांगितलं, झालीच आता. आणि तिथून पुढं ड्यूकला काय झालं ते मला आजपण कळलेलं नाही. ह्यूस्टनची टीम म्हणजे कोच केल्विन सॅम्पसनची टीम, डिफेन्सवाली, अंगाला अंग घासून खेळणारी, एकेक बॉलसाठी जमिनीवर लोळणारी. त्यांनी असं काय दाबलं की ड्यूकला साधा शॉट मिळेना. शेवटच्या दहा मिनिटांत मैदानातून एकच बास्केट, तीपण फ्लॅगची, बाकी सगळे फ्री थ्रोवर, म्हणजे फाउल झाल्यावर मोकळा मिळतो त्या शॉटवर. एवढी शूटरांची फौज, आणि एक बास्केट!

तरी ३५ सेकंद राहिले असताना ६७-६१ पुढं. सहा पॉइंट, ३५ सेकंद. आता हे नीट ऐका.

ह्यूस्टनच्या इमॅन्युएल शार्पचा थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, ६७-६४. ठीक आहे, अजून तीन आहेत. ड्यूकनं बॉल आत टाकला तर तो विल्सननं पळवला, त्यानं तिथूनच थ्री टाकला, तो चुकला म्हणून मी हुश्श करतोय तेवढ्यात टगलरनं तो वरच्यावर धरून डंक केला. ६७-६६. आता प्रॉक्टरला फाउल. कॉलेजमध्ये अशा वेळी पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा मिळतो, पहिला चुकला की बॉल जिवंत. प्रॉक्टर लाइनवर उभा. तिसऱ्या वर्षाचा पोरगा, टीममधला जुना माणूस, त्याच्याशिवाय कोण मारणार. त्यानं बॉल दोन-तीनदा आपटला आणि टाकला, आणि तो रिंगवर लागून बाहेर. आईनं आतून विचारलं काय झालं रे, कारण मी ओरडलो होतो. बॉलसाठी सगळे वर गेले, शिट्टी वाजली, मला वाटलं ड्यूकला मिळाला फाउल, तर नाही, फ्लॅगवर फाउल! ह्यूस्टनच्या रॉबर्ट्सच्या पाठीवरून गेला म्हणे. त्या शिट्टीवर मी आजपण कुणाशीपण भांडायला तयार आहे, पण चाललंय तसं चालू दे. रॉबर्ट्सनं दोन्ही शांतपणे घातले. ६८-६७. तरी बॉल ड्यूककडं, १९ सेकंद, फ्लॅगकडं गेला, तिथंच जाणार होता, तो आत शिरला, मागं झुकून शॉट टाकला, असला शॉट त्यानं वर्षभर डोळे झाकून घातला होता. तो रिंगच्या पुढच्या कडेला लागला आणि पडला. मग क्रायरचे दोन फ्री थ्रो, ७०-६७, संपलं. शेवटच्या ३५ सेकंदांत ह्यूस्टनचे नऊ, ड्यूकचा भोपळा.

फ्लॅगचे २७ होते त्या मॅचमध्ये. आणि ह्यूस्टनचं पण काय, दोन दिवसांनी तेपण फायनलमध्ये फ्लोरिडाकडून ६५-६३ हरले. मला वाटलं होतं बरं वाटेल, नाही वाटलं.

दुपारी बाराला देवळात पाळणा झाला, गुलाल उधळला, सुंठवडा खाल्ला, पण डोक्यात एकच. हरलो याचं वाईट होतंच, हरायची सवय आहे. वाईट याचं होतं की ही टीम परत दिसणार नाही. आणि तसंच झालं, जूनच्या ड्राफ्टमध्ये फ्लॅग पहिला, क्नूपेल चौथा, मलुआच दहावा, सायन जेम्स ३३ वा, प्रॉक्टर ४९ वा. पाचच्या पाच! सुरुवातीला कोर्टवर उतरणारे सगळे. ड्यूकच्या दृष्टीनं केवढी अभिमानाची गोष्ट, माझ्या दृष्टीनं घर रिकामं. जाता जाता, फ्लॅगला घेतलं डॅलस मॅव्हरिक्सनं, त्याच डॅलसनं २०१५ ला आपल्या सतनाम सिंगला ५२ वा घेतला होता, एनबीएत ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतात जन्मलेला. तो काय मॅच खेळला नाही, पण आपलं नाव तिथं आहे एवढं समाधान.

आता भांडण. मिरजेचा मित्र, जो ड्यूकचा द्वेष करतो तोच, मला म्हणतो फ्लॅग म्हणजे तुमचा ऑल टाइम लेजंड, मान्य कर. हा त्याचा गनिमी कावा आहे, कारण फ्लॅगला लेजंड म्हटलं की जिंकला का काही, हा पुढचा प्रश्न तयार. पण गंमत बाजूला ठेवली तरी मला ते म्हणवत नाही. आणि त्याचं कारण कप मिळाला नाही हे नव्हे.

मला विचाराल तर लेजंड तो, जो तिथं हरला आणि पुढच्या वर्षी त्याच कोर्टवर परत आला.

१९९० ची फायनल बघा. ड्यूक विरुद्ध लास वेगासची यूएनएलव्ही. १०३-७३. तीस पॉइंटनं हरले, फायनलमध्ये एवढ्या फरकानं आजपर्यंत कोणी हरलेलं नाही. बॉबी हर्ली पहिल्या वर्षाचा, पोट बिघडलेलं, मधूनच पळत आत जायला लागत होतं, त्यात समोर ते राक्षस. अख्ख्या देशासमोर लाज. आजच्या काळात असता तर तो कदाचित त्या एप्रिलमध्येच दुसरीकडं ट्रान्सफर झाला असता. पण तो परत आला, ख्रिश्चन लेटनर परत आला, आणि नवीन म्हणून ग्रँट हिल आला. पुढच्या वर्षी सेमीफायनलला समोर परत तीच यूएनएलव्ही, आणि यावेळी ती ३४-०, मागच्या वर्षापासून सलग ४५ मॅच जिंकलेली, लोक म्हणायचे ही कॉलेजची टीमच नव्हे. शेवटी दोन-अडीच मिनिटं राहिली असताना ड्यूक पाचनं मागं, आणि तिथं थ्री कोणी मारला? हर्लीनं. शेवटचे दोन फ्री थ्रो लेटनरचे. ७९-७७. मग फायनलला कॅन्ससला हरवून ड्यूकचा पहिला कप. मी जुनी मॅच यूट्यूबवर बघतो तेव्हा हर्लीचं तोंडच बघत बसतो, त्या पोराचा चेहरा कायम रडवेला, पण बॉल हातात आला की काय मजाल कोण काढून घेईल.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो शॉट, जो मार्च आला की टीव्हीवाले दाखवतात म्हणजे दाखवतातच. २८ मार्च १९९२, फिलाडेल्फिया, केंटकीविरुद्ध, ओव्हरटाइम, केंटकी १०३-१०२ पुढं, २.१ सेकंद शिल्लक. केंटकीनं बॉल टाकणाऱ्यासमोर माणूसच उभा केला नाही. ग्रँट हिलनं कोर्टच्या या टोकावरून जवळजवळ त्या टोकापर्यंत फेकला, लेटनरनं फ्री थ्रो लाइनजवळ झेलला, एकदा आपटला, वळला, टाकला. १०४-१०३. त्या मॅचमध्ये लेटनरनं मैदानातून दहापैकी दहा आणि फ्री थ्रो दहापैकी दहा मारले. एकपण चुकला नाही हो. आणि त्याच मॅचमध्ये खाली पडलेल्या पोराच्या छातीवर मुद्दाम पाय पण दिला होता त्यानं, ते पण सांगायला पाहिजे. रेफरीनं टेक्निकल फाउल दिला पण बाहेर काढला नाही. केंटकीवाले अजून विसरले नाहीत आणि विसरू पण नये. लेटनर माणूस म्हणून मला बिलकुल आवडत नाही. पण चार वर्षं कॉलेजात होता आणि चारही वर्षं टीम फायनल फोरला. याला काय म्हणणार?

या सगळ्यांच्या मागं एकच माणूस, माइक शशेवस्की. आडनावाचं स्पेलिंग असलं आहे की अमेरिकन लोकांनीच हात टेकले आणि कोच के करून टाकलं. शिकागोचा, पोलंडवरून आलेल्या घरातला, आर्मीच्या वेस्ट पॉइंटला शिकलेला. १९८० मध्ये ड्यूकला आला आणि पहिल्या तीन वर्षांत ३८ जिंकला, ४७ हरला. हाकला याला म्हणून बोंब सुरू होती. हाकलला नाही. मग ४२ सीझन राहिला, पाच कप, आणि आर्मी धरून एकूण १२०२ विजय. आपल्या भागात राहणाऱ्याला हे लगेच समजतं बघा. कुस्तीच्या मैदानात पुकारा करतात तेव्हा पैलवानाच्या नावाआधी वस्तादाचं नाव घेतात, अमक्या वस्तादांचा पठ्ठा. पैलवान पुढं नोकरीला लागू दे, पन्नाशीचा होऊ दे, पोट सुटू दे, तो त्या तालमीचाच. कारण तिथल्या मातीत त्यानं वर्षं घालवलेली असतात, तिथं मार खाल्लेला असतो. २०२२ मध्ये कोच के शेवटची होम मॅच खेळायला उतरला तेव्हा नव्वदच्या वर जुने प्लेअर आले होते, केस पांढरे झालेले, टक्कल पडलेले. ती मॅच नॉर्थ कॅरोलिनाकडून हरले. मग महिनाभरात फायनल फोरला परत समोर नॉर्थ कॅरोलिना, मार्चच्या त्या स्पर्धेत दोघं पहिल्यांदाच समोरासमोर, आणि तिथंपण ८१-७७ हरले. म्हाताऱ्याची कारकीर्द शेजाऱ्यांनीच संपवली. मिरजेचा मित्र ते दोन स्कोअर अजून वाढदिवसाच्या मेसेजमध्ये टाकतो, नालायक.

आताचा कोच जॉन शायर, तोपण याच तालमीतला. २००७ मध्ये पहिल्या वर्षाचा होता तेव्हा ड्यूक पहिल्याच राउंडला व्हीसीयूकडून हरून बाहेर. आणि २०१० ला चौथ्या वर्षाचा झाला तेव्हा चॅम्पियन, बटलरला ६१-५९ हरवून, शेवटी बटलरच्या हेवर्डचा अर्ध्या कोर्टवरून फेकलेला बॉल बोर्डाला आणि रिंगला लागून बाहेर गेला म्हणून वाचले. म्हणजे बघा, तोपण परत आलेलाच.

माझ्या या थिअरीला मित्रानं दोन ठिकाणी भोकं पाडलीत, तीपण सांगतो. एक, २०१५ चा कप. ती टीम ओकाफोर, विन्स्लो, टायस जोन्स असल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी जिंकली आणि तिघंही लगेच गेले. बरोबर आहे. पण मला सांगा, २०१५ म्हटलं की त्यांच्याविषयी किती बोलणं होतं आणि १९९१-९२ विषयी किती? कप आहे, गोष्टी नाहीत. दोन, जे. जे. रेडिक, सध्या लेकर्सचा कोच आहे तो. चार वर्षं राहिला, दरवर्षी परत आला, २७६९ पॉइंट, आणि कप एकपण नाही, शेवटच्या मॅचला एलएसयूविरुद्ध १८ पैकी ३ शॉट गेले. मित्राचं म्हणणं, परत येऊन काय उपयोग झाला? मी म्हणतो त्यालाच तर मी लेजंड म्हणतो. दुसऱ्यांच्या स्टेडियममध्ये लोक त्याच्या घरच्यांवरून घाण घाण शिव्या घालायचे, आणि हा थ्री मारून मान हलवत परत जायचा. चार वर्षं.

आणि ड्यूकचं स्वतःचं मत पण माझ्यासारखंच आहे असं मला वाटतं. तिथं जर्सी रिटायर करून (म्हणजे तो नंबर परत कोणाला द्यायचा नाही) वर टांगायची असेल तर आधी डिग्री पूर्ण करावी लागते. कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम, १९४० चं बांधकाम, जेमतेम ९३१४ माणसांचं, पोरं मॅचभर उभी राहून नाचणारी, तिकिटासाठी आठवडेच्या आठवडे थंडीत तंबू ठोकून राहणारी. तिथं वर लेटनरचा ३२ नंबर आहे, हिलचा ३३, हर्लीचा ११, रेडिकचा ४, बॅटियरचा ३१. जेसन विल्यम्सचा २२ पण आहे, कारण त्यानं घाई असली तरी तीन वर्षांत डिग्री उरकली आणि मग गेला. कायरी अरविंगचा नाही, तो तर पायाच्या दुखापतीमुळं ११ मॅच खेळला. झायनचा नाही. फ्लॅग ३७ मॅच खेळला, देशातला बेस्ट प्लेअर ठरला, आणि डिग्री घेतली नाही तर त्याचा २ नंबर पण वर जाणार नाही.

फ्लॅगवर राग नाही माझा, हे परत सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू कराल. १८ व्या वर्षी समोर तेवढे कोटी दिसत असताना कोण थांबेल, मी असतो तर मलुआचच्या आधी पळालो असतो. पण तो शेवटचा शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागला ना, त्याचं उत्तर पुढच्या मार्चमध्ये द्यायचं असतं, ड्यूकच्याच जर्सीत. ते आता कधी होणार नाही. तो एनबीएत दहा कप जिंकू दे, ह्यूस्टनची मॅच तशीच राहणार. आणि खरं सांगायचं तर मला जास्त वाईट प्रॉक्टरचं वाटतं. त्या पाचांत ड्यूकमध्ये तीन वर्षं राहिलेला तो एकटाच, चौथं वर्ष हातात होतं. एका फ्री थ्रोची परतफेड करायला परत आला असता, तर मी त्याचं नाव हर्लीच्या खाली लिहिलं असतं. ४९ वा पिक म्हणजे काय फार पैसे पण नव्हेत, पण त्याचं घर, त्याचा हिशोब.

यंदा बूझर जुळे आलेत, कॅमेरॉन आणि केडन. बाप कार्लोस बूझर, २००१ च्या चॅम्पियन टीममधला, तीन वर्षं ड्यूकमध्ये खेळून मग एनबीएत गेला. कॅमेरॉन म्हणजे डायरेक्ट फ्लॅगची जागा, ताकद पण जबरदस्त, सगळे म्हणतात तोपण एका वर्षातच जाणार. केडन गार्ड आहे, तो कदाचित थांबेल, म्हणून मी आत्तापासून केडनच्या बाजूनं आहे, त्याला पासिंग भारी आहे. कालेब फॉस्टर आणि आयझेया इव्हान्स परत आलेत, ह्यूस्टनच्या दिवशी दोघंही त्याच टीममध्ये होते, त्यामुळं माझं लक्ष नवीन पोरांपेक्षा या दोघांवर जास्त. पहिली मॅच ४ नोव्हेंबरला शार्लटमध्ये टेक्सासविरुद्ध, म्हणजे आपल्याकडं ५ तारखेला बुधवारी सकाळी. ऑफिसला हाफ डे टाकलाय. मिरजेचा मित्र घरी येतो म्हणालाय बघायला, येताना भडंग घेऊन ये म्हणून सांगितलंय, आणि नॉर्थ कॅरोलिनाचा तो आकाशी टीशर्ट घालून आलास तर गेटच उघडणार नाही हेपण सांगितलंय.